सख्खं यमक

यमक मला आयुष्यात कधी अडलं नाही. नागभीडमध्ये माझी ओळख दोन प्रकारची आहे. शाळेत मी मराठीचा वाळके सर आणि शाळेबाहेर निरोप समारंभाचा वाळके सर. तालुक्यात कोणीही सेवानिवृत्त होवो, शाल, झाडाचं रोप आणि माझी कविता या तीन गोष्टी ठरलेल्या. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला मी 'नियंता' जुळवून दिला, आणि त्या दिवशीही नळाला पाणी नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या यमकाला. अशा माणसाचं नाक इंग्रजीतल्या एका शब्दाने कापलं, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात झाली. संघप्रिया चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. तिच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण कोणी विचारलं की मी सोयीसाठी 'कानाची मॅडम' एवढंच सांगतो. तिच्याकडे एकदा गोंडपिपरीचे लहानूजी निमगडे आले. निवृत्त कंडक्टर. जन्मभर बसच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्यांचा मुलगा नागसेन त्यांना घेऊन आला होता. वडिलांना मशीन बसलं आणि मुलाला मुलगी पसंत पडली. मुलगा वनखात्यात अधिकारी, स्वभावाने गरीब, चहात साखर कमी असली तरी बोलत नाही. आम्हाला नाही म्हणायला जागाच नव्हती.

साक्षगंध आमच्याच घरी होतं. त्रिसरण-पंचशील झालं, पेढे वाटले, लहानूजींनी 'डबल बेल!' असा आवाज दिला. त्यांना एखादी गोष्ट पसंत पडली की ते असंच म्हणतात. आता गाडी सुटली असं मी समजत होतो, तेवढ्यात नागसेनच्या आई अंजनाबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "सर, एक गोष्ट आगुदरच सांगून ठेवतो. आमच्या घरी सून नाव घेते ते हुद्द्यासकट घेते. नुसतं नाव चालत नाई."

"हुद्द्यासकट म्हणजे?" मी विचारलं.

"माया सासऱ्याच्या आगुदर आमच्या खानदानात कोनालेच हुद्दा नोता जी. लोकाईच्या वावरात, धानाच्या बांदीत राबनं, दुसरं काय. सासरे रेल्वेत लागले अन् मग त्याईचं लगन झालं. तवा सासूनं भर मांडवात नाव घेतलं." आणि अंजनाबाईंनी पदर सावरून ते म्हणून दाखवलं:

"रुळाच्या बाजूले पळसाचं बन,
झिंगूजीचं नाव घेतो, फाटकावरचे गेटमन."

आमच्याकडच्या बोलीत बायकाही 'घेतो'च म्हणतात. सगळे वा वा म्हणाले. मग त्यांनी स्वतःचं म्हटलं:

"धानाच्या बांदीत चालते भाड्याचा ट्रॅक्टर,
लहानूजीचं नाव घेतो, एष्टीचे कंडक्टर."

आमच्या घरात टाळ्या पडल्या. मी यमकाचा माणूस. मी मनातून लवून नमस्कार केला. ट्रॅक्टर आणि कंडक्टर! यात एक अक्षर कोणाला हलवता येणार नाही.

"पर नेम हाये," अंजनाबाई पुढे म्हणाल्या. "पहिली ओळ म्हायेरची, दुसरी सासरची. पहिलीत पोरीच्या म्हायेरी खरंच जे असन तेच पाहिजे. पळसाचं बन माया सासूच्या म्हायेरी होतं. ट्रॅक्टर माया बापानं भाड्यानं आनला होता. खोटं चालत नाई. अन् हुद्दा पुरा पाहिजे."

"नागसेनरावांचा हुद्दा काय?" मी सहज विचारलं.

अंजनाबाईंनी श्वास घेतला आणि एका दमात, न अडखळता म्हणाल्या, "सिल्विकल्चरिस्ट."

जंगल कसं वाढवावं, कोणतं झाड कुठे लावावं, कोणतं कधी तोडावं याचा अभ्यास करणारा अधिकारी, असा त्याचा अर्थ नागसेनने हळू आवाजात सांगितला. पण अर्थाकडे माझं लक्षच नव्हतं. मी जाहीर करून बसलो होतो, "बाई, तुमचा चहा संपायच्या आत उखाणा देतो."

चहा संपला. मी दुसरा मागवला. तोही संपला. मग मी म्हणालो की चांगलं यमक लोणच्यासारखं मुरावं लागतं. माझी बायको आशा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी ओळखतो. घर बांधताना संडासाचं दार उलट्या बाजूने बसवून घेतलं होतं, तेव्हाही ती अशीच पाहत होती.

पाहुणे गेल्यावर मी मोबाइल काढला. त्यात इंग्रजी शब्दांना यमक शोधून देणारी एक साइट आहे. इंग्रजांनी यमकाचे प्रकार पाडले आहेत. एक पुरतं जुळणारं, आणि एक जवळपास जुळणारं. मी त्यांना आपली नावं दिली: सख्खं यमक आणि चुलत यमक. चुलतच्याही पलीकडचं असेल तर ते गावकीतलं. अडचणीला गावकीतलं यमकही धावून येतं, पण मानपानाला सख्खंच लागतं.

'सिल्विकल्चरिस्ट' टाकल्यावर मोबाइलने मला उलट विचारलं की, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं आहे का? मशीनने असा अपमान केल्यावर माणसाने काय करावं? मी त्या शब्दाची 'इस्ट' ही शेपटी कापली आणि नुसतं 'सिल्विकल्चर' टाकलं. आता मात्र सख्खं यमक टपकन पडलं. 'व्हल्चर'. मी तिथल्या तिथे ओळी रचल्या:

"उंच आभाळात फिरते व्हल्चर,
नागसेनचं नाव घेते, ज्यांचं काम सिल्विकल्चर."

व्हल्चर म्हणजे गरुडाच्या खानदानातला कोणीतरी रुबाबदार पक्षी असावा, अशी माझी समजूत होती. मी मराठीचा मास्तर आहे, इंग्रजी पक्ष्यांची जबाबदारी माझ्यावर नाही. दोन्हीकडच्या नातेवाइकांचा 'मंगल परिणय' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता, त्यावर मी उखाणा टाकला आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात जायच्या आत फोन वाजला.

"सर," अंजनाबाई म्हणाल्या, "माया पोराच्या डोक्यावर गिधाड काऊन फिरवून राह्यले तुमी? तो जित्ता हाये."

"गिधाड?"

"मंग का मैना हाये? शेजारच्या पोरीनं मोबाइलात फोटो दाखवला मले. अन् तुमच्या घरावर फिरते का गिधाड? फिरत असन तं आमाले सोयरिकीचा इचार करा लागन."

मी माफी मागत होतो तेवढ्यात नागसेनचा ग्रुपवर लांबलचक आवाजी निरोप आला. त्याला उखाणा मनापासून आवडला होता. गिधाडं आपल्या भागातून नाहीशी होत चालली आहेत, ती वाचली पाहिजेत, असं म्हणून गिधाड काय खातं, कुठून खायला सुरुवात करतं आणि किती वेळात संपवतं, हे त्याने तपशीलवार सांगितलं. सगळे जेवायच्या वेळेला ऐकत होते. माझे साडभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले ते अजून परत आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की वाळके सरांना यमक सापडत नाही. एखाद्याचा बैल हरवावा तशी माणसं चौकशीला येऊ लागली. सगळ्यांत आधी शेजारचे बापूराव आले. बापूराव निवृत्त तलाठी, आमच्याकडे रोज फुकट पेपर वाचायला येतात आणि त्याच्या मोबदल्यात सल्ला देतात.

"सोपं हाये सर," ते म्हणाले. "ल्याहा. 'नागसेन माया करते सिल्विकल्चर, संसाराची गाडी होऊ नये पंक्चर.'"

"बापूराव, हे चुलत यमक आहे."

"चुलत का असेना, गाडीत बसवून तं घ्या. आनखी सांगू? फ्रॅक्चर हाये. लेक्चर हाये. खोकल्याचं मिक्स्चर हाये."

लग्नाच्या दिवशी पंक्चर, फ्रॅक्चर आणि खोकला! मी त्यांना पेपर दिला आणि बोलणं थांबवलं. मराठी भाषेची प्रतिष्ठा राखायची तर सरकारमान्य शब्दच गाठावा, असं मी ठरवलं. या हुद्द्याला अधिकृत मराठी नाव असणारच. ते मिळालं की यमक आपल्या अंगणातलं. मी स्कूटर काढली आणि बसस्टँडवर निघालो. पेट्रोल पंपापाशी स्कूटर पंक्चर झाली. बापूरावांची जीभ काळी आहे असं मी म्हणत नाही, पण बस चुकली हे खरं.

पुढच्या बसने जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो. एका सरकारी कार्यालयात, एका टेबलावर, एका बाबूसमोर उभा राहिलो.

"काय पाहिजे?"

"सिल्विकल्चरिस्टला अधिकृत मराठी शब्द."

"कोनत्या कामासाठी?"

"उखाण्यासाठी."

बाबूने पेन खाली ठेवलं, चष्मा वर केला. "उखाणा शासकीय हाये का खाजगी?"

"खाजगी."

"खाजगी असन तं आमच्याकडं येत नाई. शासकीय असन तं वरतून पत्र लागते."

मी म्हणालो, हुद्दा शासकीय आहे, नवरी खाजगी आहे. हे मिश्र प्रकरण निघालं म्हणून त्याने मला आवक विभागात पाठवलं. आवक विभागाने विचारलं, विषय काय लिहू? यमक हा विषय त्यांच्या कोणत्याच टेबलाकडे नव्हता. शेवटी मी पहिल्याच बाबूला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, तेव्हा तो शब्द बाहेर आला.

"वनसंवर्धनतज्ज्ञ."

मी पेन उघडलं आणि मिटलं. तज्ज्ञ! तज्ज्ञाला यमक यज्ञ, तो आमच्या लग्नात नसतो. कृतज्ञ, ते निरोप समारंभाचं. आणि राहिला अज्ञ, तो त्या कँटीनमध्ये मी एकटाच होतो.

"तुमी एक करा सर," बाबू बशीतला चहा ओढत म्हणाला. "लगन थांबवा. पोराचं प्रमोशन होऊ द्या. वरच्या पोस्टले कन्झर्व्हेटर म्हंतेत. त्याले का यमकाची कमी? ट्रॅक्टर घ्या, डॉक्टर घ्या."

लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, नाहीतर मी तेही विचारात घेतलं असतं. तरी परतताना बसमधून अंजनाबाईंना फोन करून वनसंवर्धनतज्ज्ञ सांगून पाहिलं. त्यांनी तो एकदा हळूच म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, "सर, तो इंग्रजी शब्द मी सैपाक करता करता घोकला जी. नागसेनले शंभरदा इचारला. गोंडपिपरीत सगळ्याईले सांगून ठेवलं का माया सुनेच्या तोंडून आयका म्हून. आता तुमी दुसराच शब्द देता?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला वाईट वाटलं. गेटमन, कंडक्टर आणि आता हा. ही काही हौस नव्हती, त्या घराची वर चढत गेलेली शिडी होती, आणि माझ्या हातून तिची वरची पायरी बसत नव्हती. मी म्हणालो, "बाई, शब्द तोच राहील. यमक मी आणतो." ही माझी दुसरी बढाई, आणि ही मी शुद्धीवर असताना मारली.

या प्रकरणाला खरी दिशा दिली ती मन्सूरभाईंनी. मन्सूरभाईंचं चौकात फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. माणूस शायरीचा शौकीन. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमी चुकीच्या जागी खोदून राह्यले. हुद्दा 'कल्चर' नाई, 'कल्चरिस्ट' हाये. जो शेपटी काटी, काफिया उसीमें था. 'इस्ट'चा काफिया, म्हणजे तुमचं यमक, पकडा."

माझे डोळे उघडले. मी घरी येऊन 'इस्ट'च्या मागे लागलो. मराठीत तंतोतंत 'इस्ट' नाही, पण 'इष्ट' आहे, अगदी पाठचा चुलतभाऊ. मी कागद घेतला आणि 'ष्ट'वर संपणारं सगळं, सख्खं-चुलत न पाहता, लिहीत गेलो. अनिष्ट. दुष्ट. क्लिष्ट. भ्रष्ट. उच्छिष्ट. रुष्ट. नष्ट. लिहिता लिहिता मला घाम फुटला. आपल्या पूर्वजांनी हा आवाज बहुतेक दुःखासाठीच राखून ठेवलेला दिसतो. एकच शब्द जरा हसऱ्या तोंडाचा सापडला, 'स्वादिष्ट'. मी घाईघाईने जुळवलं:

"वांग्याची भाजी करते स्वादिष्ट,
नागसेनचं नाव घेते, सिल्विकल्चरिस्ट."

शनिवार होता. संघप्रिया चंद्रपूरहून आली होती. मी तिला ऐकवलं. ती हसायला लागली.

"बाबा, मले वांग्याची भाजी येतच नाई. नागसेनले येते."

"म्हणून काय झालं? उखाण्यात कोण चाखून पाहतं?"

"मांडवात पंचशील घ्याचं, खोटं बोलनार नाई म्हनाचं, अन् लगेच माइकवर वांग्याची भाजी?"

मी कागद फाडून खाटेखाली टाकला. आशाने आतून दाद दिली.

"उखाणा मले घ्याचा हाये ना बाबा," संघप्रिया म्हणाली. "मीच बनवतो."

"तू सायन्सवाली. तुला यमकातलं काय कळतं? हे काम तुझ्या बापाचं आहे."

ती उठून बॅग आवरायला गेली. मला वाटलं, पटलं तिला.

आता माहेरची खरी वस्तू शोधायची होती. मी घरात फिरून प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिला. कूलर. मिक्सर. कुकर. स्कूटर. गिझर. घरभर सगळा 'र'च! जावई कंडक्टर असता तर मी घर झाडून उखाण्यांचं पोतं भरून दिलं असतं. आशा माझ्या मागे मागे फिरत होती. खाटेखाली फाडून टाकलेल्या कागदांचा ढीग पाहून ती म्हणाली, "आपल्या घरी इस्ट काई नाई जी. सगळं वेस्टच हाये." अंगणातल्या सीताफळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत मी सगळं तपासलं. बापूराव कुंपणावरून म्हणाले, "सर, टूरिस्ट घ्या ना. ताडोब्यात रग्गड येतेत." पण आमच्या घरी टूरिस्ट कुठून येणार? आमच्याकडे पाहुणे येतात, आणि ते काही वाघ पाहून परत जात नाहीत. आणखी एक शब्द चपखल बसत होता, जंगलातल्या बंदूकवाल्यांचा, पण आपल्या भागात तो मोठ्याने उच्चारायचाही नसतो.

लग्न तोंडावर आलं. सभागृहाच्या दारात लावायच्या फ्लेक्सचा मजकूर मन्सूरभाईंना पाठवायचा होता. मी पाठवला: 'मंगल परिणय. वर, नागसेन लहानूजी निमगडे, सिल्विकल्चरिस्ट.' आणि माणूस शायरीचा जाणकार आहेच तर त्याचं मतही घ्यावं म्हणून त्याच निरोपात खाली लिहिलं: 'अनिष्ट, दुष्ट, क्लिष्ट, भ्रष्ट. पाहून घ्या.' म्हणजे यातलं काही कामाचं आहे का ते पाहून घ्या.

लग्नाच्या दिवशी मी सभागृहात स्वयंपाकाची गडबड पाहत होतो, तेवढ्यात वरात दारात आली आणि बँड अचानक थांबला. बाहेर धावलो. कमानीवर माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स होता. नागसेनचा हसरा फोटो, मागे साग-बांबूचं जंगल, आणि खाली लाल, ठळक अक्षरांत त्याचं नाव. त्यापुढे सिल्विकल्चरिस्ट. त्यापुढे अनिष्ट, दुष्ट, क्लिष्ट, भ्रष्ट.

लहानूजी सगळ्यांत पुढे उभे राहून ते वाचत होते. कंडक्टरची सवय. पुढचे थांबे पुकारावेत तसे खड्या आवाजात ते एकेक शब्द पुकारत होते. "सिल्विकल्चरिस्ट! अनिष्ट! दुष्ट! क्लिष्ट!" आणि शेवटचा थांबा आल्यावर ते अडले आणि त्यांनी कानातलं मशीन काढून फुंकर मारली. ऐकण्यात काही चूक झाली असेल, असं त्यांना वाटलं असावं.

मन्सूरभाई गर्दीतून वाट काढत आले. घामाने ओलेचिंब. "मास्तर, तुमीच तर 'पाहून घ्या' लिवलं होतं. हमने देख लिया. स्पेलिंग बरोबर होती. हमको लगा, डिग्रियाँ हैं."

सरकारी अधिकाऱ्याच्या नावापुढे भ्रष्ट ही डिग्री! वरातीतली पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. गोंडपिपरीहून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्या बायकांच्या मधोमध अंजनाबाई नवं निळं पातळ नेसून उभ्या होत्या. सगळ्या गावाला ऐकवायला आणलेला त्यांचा शब्द हा असा टांगला गेला होता. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नागसेनने मात्र घोड्यावरून उतरून फ्लेक्स नीट वाचला. "क्लिष्ट बरोबर आहे," तो म्हणाला. "रिपोर्ट लिहिताना मी क्लिष्टच लिहितो." मग त्याने स्वतःचा फेटा सोडला आणि मन्सूरभाईंनी शिडीवर चढून तो फेटा शेवटच्या चार शब्दांवर ताणून बांधला. वरात आत आली.

अंजनाबाई माझ्याजवळून जाताना थांबल्या. "सर, जे झालं ते झालं. आता हे धुवाचं असन तं उखाणा तसाच पाहिजे. माया पोराचा हुद्दा आज सगळ्याईनं हासून आयकला. एकदा तरी त्याईनं तो नीट आयकला पाहिजे." त्यांचे डोळे भरले होते. मी मान डोलावली. माझ्या खिशात एक कोरा कागद होता.

बौद्धाचार्यांनी विधी लावला. वंदना झाली, पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या, फुलं पडली. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात कूलर, कुकर, मिक्सर फिरत होते. आणि मग बौद्धाचार्यांनीच माइकवर सांगितलं की, आता नवरी नाव घेईल, तिचे वडील मराठीचे शिक्षक आणि कवी आहेत, त्यामुळे उखाणा ऐकण्यासारखा असणार. माझे निरोप समारंभाचे सगळे चाहते पहिल्या रांगेत होते. बापूराव ओठांनी मला 'पंक्चर, पंक्चर' सांगत होते.

मी मंचावर चढलो. वेळ मारून न्यायला दोन शब्द बोलावेत आणि बोलता बोलता चक्कर येऊन पडावं, असा माझा बेत होता. मी माइककडे हात केला. संघप्रियाने तो माझ्याआधी उचलला.

"बाबा," ती माइकवर हात ठेवून हळूच म्हणाली, "बसा तुमी."

मग तिने अंजनाबाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्याच ठेक्यात, त्यांच्याच 'घेतो'त म्हटलं:

"माणसाच्या कानाची मी ऑडिऑलॉजिस्ट,
नागसेनचं नाव घेतो, हिरव्या रानाचे सिल्विकल्चरिस्ट."

मग मागून लहानूजींचा आवाज सभागृहाच्या पत्र्यावर आदळला. "डबल बेल!" आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मन्सूरभाई उठून उभे राहिले. "क्या बात है! कानाची, रानाची! अंदर भी काफिया, बाहर भी काफिया!" अंजनाबाई दोन्ही हातांनी डोळे पुसत आजूबाजूच्या बायकांना सांगत होत्या, "आयकलं का? दोन हुद्दे! एका उखाण्यात दोन हुद्दे आजवर कोनीच नाई घेतले! तिचा बी अन् त्याचा बी!"

मी मंचावर उभाच होतो. पहिली ओळ माहेरची. माहेरी खरंच जे असेल ते. मी घरातल्या गिझरला हात लावून पाहिला होता, गच्चीवरच्या टाकीवर चढलो होतो, आणि ते यमक दर शनिवारी माझ्यासमोर बसून जेवत होतं. मला लाज वाटली, आणि तिच्याहून जास्त आनंद झाला. इतका अभिमान मला माझ्या कोणत्याही कवितेचा कधी वाटला नव्हता. बौद्धाचार्यांनी कवी म्हणून माझं अभिनंदन केलं, तेव्हा मी ते स्वीकारलं. तेवढं चालतं.

संध्याकाळी पाठवणी झाली. मी रडलो, पण त्याचं वर्णन करत नाही. नागसेनचा फेटा कमानीवरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव पेपर वाचायला आले. घर रिकामं वाटत होतं. पेपर चाळता चाळता ते म्हणाले, "सर, पोरगी नेमकी काय हाये म्हने दवाखान्यात? कालचा तो शब्द ध्यानातच नाई राह्यला."

'कानाची मॅडम' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग सावकाश, एकेक अक्षर सांभाळत म्हणालो, "ऑडिऑलॉजिस्ट." बरोबर आलं.

"अरे बाप्पा!" बापूराव म्हणाले. "मोठाच कठीन शब्द हाये. याले काई यमक भेटते का हो?"

"आहे ना," मी म्हणालो. "सख्खं आहे. काल त्याच्याच संगं तर तिची पाठवणी केली."